‘थोडं खाल्लं तर काय होतंय?’ – अ‍ॅलर्जी असलेल्या लेकराच्या डब्यातून धंदा उभा करायचा असेल तर हे आधी वाचा



घरगुती खाद्यपदार्थांच्या व्यवसायावरचा व्हिडिओ टाकल्यानंतर मला चाकूरहून एका ताईंचा फोन आला. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. त्याला शेंगदाणा चालत नाही, दूध चालत नाही, अंडं चालत नाही आणि तीळही चालत नाहीत. आता तुम्ही मराठवाड्यातले असाल तर लगेच कळेल की ही काय पंचाईत आहे. आपल्याकडं भाजीत दाण्याचं कूट, भाकरीवर तीळ, तोंडी लावायला शेंगदाण्याची चटणी. येळवशीला अख्खा गाव रानात जेवायला बसतो, तेव्हा भज्जीत शेंगदाणे, आंबिलात ताक, खिरीत दूध. मग हे लेकरू काय खाणार? ताई त्याच्यासाठी घरून वेगळा डबा नेतात. त्यात उंडे आणि वेगळ्या पातेल्यातली बिनकुटाची भाजी.

आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, ‘थोडं खाल्लं तर काय होतंय?’

काय होतंय ते ताईंनी एकदा पाहिलंय. चटणी वाटलेल्या हातानं कोणीतरी लाडानं त्याला घास भरवला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. लातूरचा दवाखाना गाठेपर्यंत आपला जीव कुठं होता, हे ताईंना आजही आठवत नाही.

त्यांचा प्रश्न असा होता : ‘सर, माझ्या लेकरासाठी मी चकली, लाडू, चिवडा सगळं वेगळं करते. शाळेतल्या दोघी जणी म्हणाल्या, आम्हालाही करून द्या, पैसे देतो. हा धंदा होईल का?’

माझं उत्तर : होईल. पण नेहमीच्या फराळाच्या धंद्यासारखा नाही. का, ते आज सविस्तर पाहू.

1. आधी नीट समजून घ्या : हे पथ्य नाही

सांधे दुखतात म्हणून वांगं वर्ज्य, हे पथ्य झालं. अ‍ॅलर्जीचं तसं नसतं. आपल्या शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा एखाद्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. त्यातून गांधी, सूज, उलटी आणि वाईट वेळ आली तर श्वास बंद. काही लेकरांना यासाठी चिमूटभर पदार्थही पुरतो.

दूध प्यायल्यावर पोट फुगणं, जुलाब होणं ही बऱ्याचदा अ‍ॅलर्जी नसते. दुधातली साखर पचत नाही म्हणून तसं होतं. गव्हाचा सिलिअ‍ॅक आजार आणखी वेगळा. गिऱ्हाईक फोनवर ‘आमच्या बाळाला दूध चालत नाही’ म्हणेल, तेव्हा यातलं नेमकं काय आहे ते तुम्ही ठरवायचं नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. शेंगदाणा चालत नाही म्हणजे सगळ्या डाळी बंद असंही नसतं, पण तेही डॉक्टरच सांगणार. तुमच्या मालात काय आहे आणि काय नाही, हे खरं खरं सांगणं एवढंच तुमचं काम.

आणखी एक गैरसमज काढून टाका. ‘भाजलं, तळलं की निघून जातं’ हे खरं नाही. शेंगदाण्यातली त्रास देणारी प्रथिनं भाजल्यानं जात नाहीत, उलट भाजलेला शेंगदाणा जास्त त्रासदायक ठरतो असं संशोधकांना आढळलंय.

2. तुम्ही चकली विकत नाही, खात्री विकता

एक खरी घटना सांगतो. इंग्लंडमधली नताशा एडनन-लापरूज, वय 15. तिला तिळाची अ‍ॅलर्जी होती. जुलै 2016 मध्ये विमानतळावरच्या एका मोठ्या साखळी दुकानातून तिनं सँडविच घेतलं. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता आणि पावावर तीळ दिसतही नव्हते, कारण ते पिठातच मळलेले होते. विमानात तिला त्रास सुरू झाला. वडिलांनी दोन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. दुकानातच बनवून दुकानातच पॅक केलेल्या मालावर घटकांची पूर्ण यादी लिहायची सक्ती तेव्हा तिथं नव्हती. आईवडील लढले आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून ती सक्ती आली. लोक त्याला ‘नताशाचा कायदा’ म्हणतात.

आता दुसरी बाजू बघा, कारण आपला धंदा तिथंच आहे. अमेरिकेनं 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा समावेश मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत केला. मग काही मोठ्या बेकरी कंपन्यांनी काय केलं? तीळ दूर ठेवायला अख्खी मशिनरी धुवावी लागते, ते परवडत नाही. म्हणून त्यांनी पावात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घातलं आणि लेबलवर ‘तीळ आहेत’ असं लिहून टाकलं. कायदा पाळला गेला, पण लेकरांना चालणारे पाव कमी झाले.

यातून तुम्ही काय शिकायचं? मोठ्या कारखान्याला जे महाग पडतं, ते तुमच्या छोट्या स्वयंपाकघरात जमू शकतं. शेंगदाणा घरातच येऊ द्यायचा नाही, हे तुम्ही उद्या सकाळपासून करू शकता. कारखान्याला ते ठरवायला वर्ष लागेल. अमेरिकेत 2001 मध्ये सुरू झालेली एन्जॉय लाइफ फूड्स ही कंपनी नेमक्या याच कामावर मोठी झाली आणि 2015 मध्ये मोंडेलीझसारख्या बड्या कंपनीनं ती विकत घेतली. म्हणजे या कामाला बाजारात किंमत आहे.

3. नको असलेला पदार्थ घरात कुठून शिरतो?

हा भाग वहीत उतरवून घ्या. ताईंना मी एकच प्रश्न विचारला : ‘ज्वारीचं पीठ कुठून आणता?’ म्हणाल्या, ‘गिरणीतून.’ बस, अडचण तिथंच सुरू होते.

गिरणी. तुमच्या ज्वारीच्या आधी त्याच जात्यावर कोणाचे तरी गहू दळलेले असतात. आपल्याकडं सोयाबीन भरपूर, त्यामुळं गव्हात मूठभर सोयाबीन घालून दळणारी घरंही बरीच आहेत. जात्याच्या खाचेत राहिलेलं ते पीठ तुमच्या ज्वारीत उतरतं. उपाय : घरची छोटी आटाचक्की, आणि तिच्यात फक्त धंद्याचं धान्य. शेजारणीला ‘एवढं दळून दे’ म्हटलं तरी नाही.

तेलघाणा. लाकडी घाण्याचं करडईचं तेल चांगलंच. पण त्याच घाण्यावर सकाळी शेंगदाणा आणि दुपारी तीळ काढला असेल तर? घाण्याचं तेल फारसं शुद्ध केलेलं नसतं, त्यात प्रथिनांचा अंश राहतो. तळणाला पॅकबंद रिफाइंड सूर्यफूल तेल घ्या आणि दुसरं काही तळलेलं तेल परत वापरू नका.

भट्टी. ज्वारीच्या लाह्या भट्टीवरून आणता? ज्या गरम वाळूत लाह्या फुटल्या, त्याच वाळूत शेंगा आणि फुटाणे भाजलेले असतात. लाह्या घरीच, वेगळ्या कढईत फोडा.

हिंग. हे ऐकून भलेभले चकित होतात. बाजारातल्या बहुतेक डबीतल्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. चकली शुद्ध ज्वारीची आणि हिंगातून गहू आत, असं होतं. नाहीतर हिंग सोडून द्या, ओवा-जिऱ्यावर काम होतं.

किराणा. सुट्ट्या मालाच्या पोत्यात एकच माप फिरतं. दाण्याच्या पोत्यातून निघालेलं माप गुळाच्या भुग्यात. म्हणून धान्य शक्यतो शेतकऱ्याकडून अख्खं घ्या आणि ताटात पसरून निवडा. ज्वारीत गव्हाचा किंवा सोयाबीनचा दाणा सापडणं काही नवल नाही. मसाला अख्खा आणून घरी कुटा.

छुपी नावं. केसीन, व्हे म्हणजे दूध. लेसिथिन बऱ्याचदा सोयाबीनचं. रवा, मैदा, शेवया म्हणजे गहू. तूप म्हणजेही दूधच. मेतकुटात बहुधा गहू असतो.

हात. शेंगदाण्याचा अंश नुसत्या पाण्यानं जात नाही आणि सॅनिटायझरनंही जात नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. कामाला येणारी बाई घरून दाण्याची चटणी-भाकरी खाऊन आली असेल तर साबणानं हात, वेगळा अ‍ॅप्रन, मगच आत.

4. तीनच पदार्थांनी सुरुवात करा

नवीन माणसाची पहिली चूक म्हणजे वीस पदार्थांचं मेनूकार्ड. या धंद्यात एकेक पदार्थ वाढला की चार नवे घटक घरात येतात, आणि प्रत्येक घटकासोबत एक नवं दार उघडतं. ताईंसोबत मी तीन पदार्थ ठरवले :

पहिला, ज्वारीची चकली. ज्वारीचं पीठ, थोडं तांदळाचं पीठ, तिखट, हळद, ओवा, मीठ. तीळ नाहीत, लोणी नाही. पिठाची उकड काढली की चकली तुटत नाही, मोहनाला तेल पुरतं.

दुसरा, नाचणी-खजुराचा लाडू. भाजलेली नाचणी, बिया काढलेला खजूर, गूळ. तुपाशिवाय खजुरावरच लाडू वळतो.

तिसरा, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. शेंगदाणा नाही, डाळवं नाही. काप हवेत तर भोपळ्याच्या बिया घालता येतात, पण ‘दाण्यासारखं लागतंय’ म्हणून गिऱ्हाईक घाबरेल, म्हणून सध्या तेही नाही.

यातही कोणाला नाचणी चालत नसेल, कोणाला खोबरं, कोणाला हरभरा. सगळ्यांना चालेल असा पदार्थ जगात नाही. म्हणूनच ‘अ‍ॅलर्जी-फ्री’ हा शब्द पाकिटावर लिहायचा नाही. लिहायचं ते एवढंच : यात काय आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरात कोणते पदार्थ येतच नाहीत.

5. हिशोब : किलोमागचे ते 65 रुपये

आता पैशाचं बोलू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भावानं तुम्ही बदला. समजा एका वेळी 4 किलो चकली केली.

- सामान, तेल, गॅस : 800 रुपये
- करण्याची मजुरी (तुमची स्वतःचीही धरा) : 300 रुपये
- पाकिटं आणि लेबल : 120 रुपये

झाले 1220. म्हणजे किलोला 305 रुपये. साधी चकली करणारा इथं थांबतो. तुम्हाला आणखी तीन ओळी लिहायच्या आहेत :

- सुरुवातीला ओटा, भांडी, सोऱ्या धुण्या-पुसण्याची मजुरी : 150 रुपये
- प्रत्येक बॅचचा बाजूला ठेवलेला नमुना : 50 रुपये
- वीसातली एक बॅच शंका आली म्हणून टाकून द्यावी लागेल, त्याची तरतूद : 60 रुपये

एकूण 1480. किलोला 370 रुपये. फरक 65 रुपयांचा.

हे 65 रुपये वाचवायचा मोह होईल. विशेषतः शेवटच्या ओळीत, कारण 4 किलो चांगला दिसणारा माल केवळ शंकेवरून टाकायला जीव होत नाही. पण गिऱ्हाईक तुमच्याकडं त्या 65 रुपयांसाठीच येतं. नुसती चकली त्याला कोपऱ्यावरही मिळते. किंमत 500-520 ठेवा आणि कोणी ‘महाग आहे’ म्हटलं तर या तीन ओळी त्याला समजावून सांगा. ज्याच्या घरात असं लेकरू आहे, तो भाव करत बसत नाही.

6. नोंदणी आणि लेबल

एक पाकीट विकायचं असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज होतो. उलाढालीच्या मर्यादा आणि फी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज भरतानाच आजचा आकडा तिथं पाहा. मिळालेला 14 अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर हवा. सोबत घटकांची यादी, वजन, एमआरपी, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ती तारीख, तुमचा पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह.

2020 च्या लेबलिंग नियमांत आठ प्रकारचे अ‍ॅलर्जीकारक पदार्थ वेगळे जाहीर करायला सांगितलेत : ग्लुटेन असलेली धान्यं (गहू, जव, ओट वगैरे), कोळंबी-खेकड्याचा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व सुकामेव्यातले कठीण कवचाचे दाणे, सोयाबीन, आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. यात तीळ नाहीत, हे लक्षात घ्या. ताईंच्या लेकराला तीळच चालत नाहीत! म्हणजे कायद्यानं जेवढं मागितलं तेवढं लिहून भागणार नाही, तुम्हाला त्याच्या पुढं जावं लागेल.

‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असल्याचं प्रयोगशाळेतून सिद्ध व्हायला हवं. अंदाजानं लिहू नका. आणि ‘अ‍ॅलर्जी बरी होते’, ‘प्रतिकारशक्ती वाढते’ असले दावे तर अजिबात नकोत. तुम्ही खाऊ विकताय, औषध नाही.

7. गिऱ्हाईक कुठं आहे?

खरं सांगतो, एकट्या चाकूरमध्ये हा धंदा चालणार नाही. म्हैसूर-बंगळूर भागात मोठ्या माणसांचा एक अभ्यास झाला होता. त्यात रक्ततपासणीत संवेदनशीलता दिसलेले साधारण चारात एक निघाले, पण खरोखर अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता असलेले शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे गिऱ्हाईक विखुरलेलं आहे. ‘करोडोंचं मार्केट’ असं कोणी सांगत असेल तर त्याचा व्हिडिओ बंद करा.

पण चाकूर लातूर-नांदेड रस्त्यावर आहे, ही जमेची बाजू. एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला नांदेड, दोन्हीकडं बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने आणि बाहेरगावाहून शिकायला आलेली हजारो पोरं. डॉक्टरांकडं जा, पण ‘आमचा माल लिहून द्या’ म्हणायला नको. घटकांची आणि स्वयंपाकघराच्या नियमांची एक पानी यादी द्या आणि विचारा, ‘यात काय चुकतंय?’ ते जे सुधारून देतील ते लाखमोलाचं. चकली-लाडू टिकाऊ आहेत, पोस्टानं पुण्या-मुंबईला जातात. सुरुवातीला महिन्याला वीस घरं जोडा. प्रत्येक घराचं नाव, फोन, लेकराला काय चालत नाही आणि कोणत्या बॅचचं पाकीट गेलं, हे वहीत लिहा.

8. चूक झाली तर?

चूक होऊ शकते हे आधीच मान्य करा. ती वही याच दिवसासाठी आहे. शंका आली की त्याच तासात त्या बॅचच्या प्रत्येक घरी फोन : ‘ते पाकीट देऊ नका, पैसे परत करते.’ लाजायचं नाही, ‘कदाचित काही होणार नाही’ म्हणायचं नाही.

आणि हे गिऱ्हाईकालाही माहीत असू द्या : ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, लेकरू एकदम मलूल पडलं तर हळद-दूध, लिंबूपाणी असले उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा नाहीतर थेट दवाखाना गाठा. तिथं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि त्यात मिनिटं मोजली जातात. परदेशात ते इंजेक्शन पेनसारखं खिशात ठेवतात, आपल्याकडं ते सहज मिळत नाही. म्हणून घरातल्यांनी डॉक्टरांकडून आपत्काळाची लेखी योजना घेऊन ठेवावी.

9. आणि मग ती ऑर्डर आली

पंधरा दिवसांनी ताईंचा पुन्हा फोन. आवाज खुशीत. ओळखीच्या दुकानदारानं संक्रांतीसाठी 20 किलो तिळगुळाचे लाडू आणि 10 किलो शेंगदाण्याची चटणी मागितली होती. ‘सर, तीन महिन्यांची कमाई एका आठवड्यात. नंतर सगळं धुऊन घेईन ना!’

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

मी त्यांना हो किंवा नाही, काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘उद्या तुमच्यासारखीच एखादी आई फोनवर विचारेल, तुमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा येतो का? तिला काय सांगाल?’

थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘जावेला देते ऑर्डर. तिचं घर वेगळं आहे, करेल ती.’

दुकानदार नाराज झाला नाही, जावेला काम मिळालं आणि ताईंचं उत्तर पहिलं होतं तेच राहिलं : ‘येत नाही.’ या दोन शब्दांवर त्यांचा धंदा उभा आहे. महिन्याला वीस घरं अजून झालेली नाहीत, सात झालीत. सातही घरांनी दुसऱ्यांदा मागवलंय.

तुमचा गृहपाठ

आज रात्री स्वयंपाकघरात उभं राहून एक यादी करा : गेल्या आठ दिवसांत घरात आलेला प्रत्येक पदार्थ, तो कुठून आला, कशात दळला, कशात भाजला. यादीत जिथं ‘माहीत नाही’ लिहावं लागेल, तिथून तुमचं काम सुरू होतं. किती ठिकाणी ‘माहीत नाही’ आलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत घरगुती आटाचक्की घेताना काय बघायचं, ते सांगतो.

भेटू लवकरच. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा!